कोर्टाचा शिक्का आणि आईची सही

वाचकांचं पत्र:

ताई, नमस्कार. ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी आई सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला आली होती. एका संध्याकाळी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला बाबागाडीत घालून ती फिरायला निघाली आणि झेब्रा क्रॉसिंगवर एका गाडीने दोघींना धडक दिली. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलीच्या कपाळाला टाके पडले, बाकी देवाच्या कृपेने ती ठीक आहे. गाडी चालवणारा मुलगा बावीस वर्षांचा. क्रॉसिंगला अगदी खेटून एका कंत्राटदाराने आपला मोठा ट्रक उभा केला होता, त्यामुळे आई दिसलीच नाही असं तो म्हणतो. आम्ही दोघांवरही केस केली. आता त्या मुलाची विमा कंपनी आईला १५,००० डॉलर आणि माझ्या मुलीला २,५०० डॉलर द्यायला तयार झाली आहे. आमचे वकील म्हणाले घेऊन टाका, मी फोनवर हो म्हटलं. आता कळतंय की या तडजोडीला कोर्टाकडून ‘गुड फेथ’ची, म्हणजे ती प्रामाणिक हेतूने झाली अशी, मंजुरी लागते, आणि कंत्राटदाराच्या वकिलांनी त्याला हरकत घेतली आहे. सुनावणी तीन आठवड्यांवर आहे. आम्ही काय लबाडी केली म्हणून हे? पुण्याचा भाऊ म्हणतो, आपल्याकडे कोर्टात तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिलं की विषय संपतो, तिथे कोर्ट कशाला मध्ये पडतं? तू सही करूच नकोस. आई आता सांगलीला परत गेली आहे. तिला सुनावणीसाठी यावं लागेल का? आणि न्यायाधीशांनी मंजुरी दिली म्हणजे रक्कम योग्य आहे असंच ना?
फ्रीमॉन्टची एक लेक

उत्तर:

नमस्कार. आईचं चालणं आता कसं आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला घरातली उंच पायरी, मोरी, देवासमोर खाली बसणं, सगळं नव्याने जमवावं लागतं. केस त्या दुखण्याची आहे, आणि कायद्याच्या कागदांत तेच सगळ्यात आधी हरवतं. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते.

नाही. न्यायाधीशांनी गुड फेथची मंजुरी दिली, म्हणून आईला मिळणारी रक्कम योग्य ठरत नाही. त्या सुनावणीत ‘या बाईला एवढ्यात कसं भागेल?’ असं कोणी विचारत नाही. विचारणं न्यायाधीशांचं कामच नाही. आई सज्ञान आहे, स्वतःचा दावा कितीला मिटवायचा हा तिचा अधिकार, असं कायदा धरून चालतो. त्या दिवशी तपासलं जातं ते एवढंच, की या तडजोडीमुळे कंत्राटदारावर अन्याय होतोय का. अनेक कुटुंबं कोर्टाचा शिक्का बघून निर्धास्त होतात, म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

आता कंत्राटदाराचा यात संबंध कुठे येतो ते बघा.

कॅलिफोर्नियात एका अपघाताला दोघं-तिघं जबाबदार असतील, तर जखमी माणसाला पैसे दिल्यावर त्यांचा आपापसात हिशोब होऊ शकतो. १९७८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनच्या खटल्यात हे पक्कं केलं. शर्यतीत जखमी झालेल्या एका किशोरवयीन मुलाचं ते प्रकरण होतं. ज्याने आपल्या दोषापेक्षा जास्त भरलं, त्याने वरचे पैसे बाकीच्या दोषींकडून त्यांच्या-त्यांच्या वाट्याप्रमाणे मागावेत, असा तो निकाल. न्याय्यच आहे. पण मग तडजोड करायला पुढे कोण येईल? हा बावीस वर्षांचा मुलगा आज तुम्हाला पैसे देणार, आणि उद्या निकाल लागला की कंत्राटदार त्याच्याकडे वाटा मागायला हजर. त्याची विमा कंपनी म्हणेल, मग आम्ही शेवटपर्यंत लढतोच.

यावरची तोड तिथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८७७ आणि ८७७.६ या कलमांत आहे. तडजोड गुड फेथमध्ये झाली असं कोर्टाने ठरवलं, की उरलेले प्रतिवादी तडजोड करणाऱ्याकडे वाटा मागू शकत नाहीत. त्याच्या बदल्यात, त्याने दिलेली रक्कम उरलेल्यांच्या देण्यातून वजा होते. म्हणजे कंत्राटदाराचा एक हक्क कायमचा जातो. ज्याचा हक्क जाणार त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला नको का? म्हणून सुनावणी.

हे लक्षात घेतलंत तर ‘आम्ही काय लबाडी केली’ हा सल मनातून काढता येईल. तुमच्यावर कोणी खोटेपणाचा आळ घेतलेला नाही. कंत्राटदाराच्या वकिलांचं म्हणणं साधारण असं असणार: मुख्य चूक गाडीवाल्याची, नुकसान लाखांत, आणि तो १५ हजारांत सुटतो म्हणजे त्याचा बोजा आमच्या अशिलावर. त्यांच्या जागी कोणताही वकील हेच म्हणेल.

भावाला सांगा, तिथेही केस फक्त त्या मुलावर असती तर कोर्टाची मंजुरी लागली नसती. आईने रिलीजवर, म्हणजे दावा सोडल्याच्या कागदावर, सही केली असती, चेक आला असता, वकिलांनी केस काढून घेतली असती. मुलीच्या पैशांपुरती मंजुरी तेव्हाही लागली असती, त्याबद्दल पुढे लिहिते.

मग तडजोड गुड फेथमधली आहे की नाही, हे ठरतं कसं? १९८५ चा टेक-बिल्टचा निकाल आजही यासाठी पुढे केला जातो. एका घराच्या नुकसानीचा वाद होता, आणि जमिनीची तपासणी करणारी इंजिनिअर फर्म खिशातून काही न देता बाहेर पडू पाहत होती. घरं बांधणाऱ्या टेक-बिल्टने ते सोडलं नाही. सुप्रीम कोर्टाने तेव्हा काय-काय बघायचं ते सांगितलं. एकूण भरपाई अंदाजे किती होईल आणि त्यात या प्रतिवादीचा वाटा किती. तो देतोय किती. अनेक वादी असतील तर पैसे त्यांच्यात कसे वाटले. त्याची सांपत्तिक स्थिती आणि विम्याची मर्यादा काय. आणि उरलेल्या प्रतिवादीला बुडवण्यासाठी संगनमत तर नाही ना. त्याच निकालात हेही आहे, की खटला हरल्यावर जेवढं द्यावं लागलं असतं त्यापेक्षा तडजोडीत कमी दिलं जाणारच, ते धरूनच चालायचं. नेमका आकडा कोणी मागत नाही. रक्कम त्या वाट्याच्या मानाने अगदीच विसंगत नसली की झालं. आणि विसंगत आहे हे सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर, म्हणजे कंत्राटदारावर.

तुमच्या प्रकरणात सगळं येऊन थांबतं ते विम्याच्या मर्यादेवर. २०२४ संपेपर्यंत कॅलिफोर्नियात गाडीचा किमान विमा एका जखमीमागे १५,००० आणि एका अपघाताला ३०,००० डॉलर एवढाच होता. १ जानेवारी २०२५ पासून तो ३०,००० आणि ६०,००० झाला. तुमचा अपघात त्याच्या जेमतेम अडीच-तीन महिने आधीचा. त्या मुलाकडे किमान पॉलिसीच असेल तर विमा कंपनी आईसाठी होती-नव्हती ती सगळी रक्कम देते आहे. मुलाच्या नावावर दुसरं काही नसेल तर अशी तडजोड सहसा टिकते. ज्याच्याकडे नाहीच त्याच्याकडून कोर्ट काय वसूल करून देणार?

पण ‘काही नाही’ हे त्याने शपथेवर लिहून दिलंय का? इथे मी तुमच्या जागी असते तर अडून बसले असते. वकिलांना विचारा, की त्या मुलाच्या मालमत्तेचं, उत्पन्नाचं आणि विम्याचं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये आहे का. गाडी कोणाच्या नावावर आहे? तो आई-वडिलांकडे राहत असेल तर घरात अंब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या विम्यावरचा जादा विमा, आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या संध्याकाळी तो कोणाचं काम करत होता का? जेवणाची डिलिव्हरी, पार्सल, राइडचं अ‍ॅप, काहीही. बावीस वर्षांचा मुलगा, संध्याकाळची वेळ, एकटा गाडीत. हा प्रश्न कोणी विचारलाच नसेल तर मला नवल वाटणार नाही. अ‍ॅपवर काम चालू असेल तर त्या कंपनीचा मोठा विमा लागू होऊ शकतो, कामावर असेल तर मालकही जबाबदार ठरू शकतो, आणि मग १५,००० ही शेवटची रक्कम राहतच नाही. अपघाताच्या वेळेचे अ‍ॅपचे आणि फोनचे रेकॉर्ड मागवता येतात. ते सहीच्या आधी मागवायचे असतात. सही झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.

तुमची स्वतःची गाडीची पॉलिसीही काढून बघा. त्यात ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ असं कलम असेल. समोरच्याचा विमा तोकडा पडला तर वरची रक्कम आपल्या कंपनीने द्यायची, अशी ती सोय असते आणि पायी चालणाऱ्यालाही ती लागू होऊ शकते. पाहुणी म्हणून आलेली आई तुमच्या घरात ‘राहणारी नातेवाईक’ ठरते का, यावर कंपनी वाद घालेल. घालू द्या. पण सहीच्या आधी वकिलांना पॉलिसीची प्रत द्या आणि कंपनीला लेखी कळवा.

आता पैशांचा हिशोब. तुम्ही विचारला नाहीत, तरी भाऊ ज्याला भितोय ते इथेच आहे. हे सगळे आकडे मी समजण्यापुरते धरलेत, आईच्या केसची किंमत मी सांगत नाही. समजा, कंत्राटदारावरचा खटला चालला आणि ज्युरीने आईचं नुकसान दोन लाख डॉलर ठरवलं. त्यातले ८०,००० औषधोपचाराचे, म्हणजे बिलांनी मोजता येणारे. १,२०,००० दुखण्याचे, त्रासाचे, पायऱ्या चढता न येण्याचे. दोष गाडीवाल्याचा ६० टक्के, कंत्राटदाराचा ४० टक्के.

बिलांच्या ८०,००० साठी दोघंही पूर्ण जबाबदार, त्यामुळे ते सगळे कंत्राटदाराकडून मागता येतात. दुखण्याच्या पैशांचं तसं नाही. १९८६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ५१ नंतर तिथे प्रत्येकाने फक्त आपल्या टक्केवारीएवढंच द्यायचं, म्हणजे कंत्राटदाराने १,२०,००० चे ४० टक्के, ४८,०००. गाडीवाल्याकडून आलेले १५,००० वजा करायचे तेही सगळे नाही. एकूण नुकसानीत बिलांचा भाग ४० टक्के आहे, म्हणून १५,००० चे ४० टक्के, ६,००० तेवढे वजा. कंत्राटदाराकडून ७४,००० आणि ४८,०००, मिळून १,२२,०००. गाडीवाल्याचे १५,००० धरून आईला १,३७,०००.

दोन लाख आणि १,३७,००० यांच्यामधलं अंतर कुठे गेलं? गाडीवाल्याच्या वाट्याचे दुखण्याचे पैसे ७२,००० होते, त्यातले ९,०००च हाती आले. तडजोड झाली म्हणून ते गेले असं नाही. मुलाकडे खरंच काही नसेल तर तडजोड न करताही ते मिळाले नसते, त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा कागदावर राहिला असता. भावाला ही वजाबाकी दाखवा. कंत्राटदारावरची केस यात कुठेही बुडत नाही.

मात्र एक गोष्ट बदलते. खटल्याच्या दिवशी तो मुलगा कोर्टात नसेल, आणि कंत्राटदाराचे वकील बोट दाखवतील ते त्याच्याच रिकाम्या खुर्चीकडे. वाहतूक कायद्याप्रमाणे क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट द्यायची जबाबदारी चालकाची. त्याने दिली नाही, सगळा दोष त्याचा, आमचा ट्रक नुसता उभा होता. मुलगा तडजोड करून निघून गेला तरी ज्युरी त्याच्या नावापुढे टक्केवारी लिहितेच. तो ६० चा ८० झाला तर वरच्या हिशोबात ४८,००० चे २४,००० होतात. म्हणून त्याची जबानी तडजोडीआधी झाली आहे का हे विचारा. ट्रक नेमका कुठे होता, किती उंच होता, आई त्याला केव्हा दिसली, हे त्याच्या तोंडून शपथेवर नोंदलेलं असायला हवं. एकदा सुटला की त्याला पुन्हा बोलावणं कटकटीचं होतं. ट्रकचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील तर मूळ फाइली जपा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या नकोत.

१५,००० चा चेक आला तरी तेवढे पैसे आईच्या हातात पडणार नाहीत. वकिलांची फी टक्केवारीवर, बहुतेक ठिकाणी तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त. तुमच्या करारात काय आहे ते बघा, हा करार लेखी असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिसरा हिस्सा असेल तर ५,००० तिथे गेले. मग केसचा खर्च. मग हॉस्पिटलचा धारणाधिकार, म्हणजे बिलापोटी भरपाईतून पैसे घेण्याचा हक्क, ज्याला सगळे लीन म्हणतात. फी वगैरे गेल्यावर जे उरेल त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त हॉस्पिटलला या लीनवर घेता येत नाही. आईसाठी भारतातून घेतलेला प्रवास विमा असेल आणि त्या कंपनीने बिलं भरली असतील तर तीही परतफेड मागू शकते. हे सगळं जाऊन तीन-चार हजार उरले तरी पुष्कळ. वकिलांकडून वाटपाचा लेखी तक्ता मागा, त्यात आईच्या नावापुढे काय उरतं तो आकडा बघा, आणि हॉस्पिटलशी घासाघीस केली आहे का हेही विचारा. लीन कमी करून घेता येतात. न मागता कोणी कमी करत नाही.

मुलीच्या २,५०० डॉलरची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या पत्रात दोन्ही मंजुऱ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटल्या. अल्पवयीन मुलाचा दावा आई-बाप मिटवू शकतात, पण कोर्टाच्या संमतीशिवाय तो पक्का होत नाही. त्यासाठी अर्ज वेगळा, फॉर्म वेगळा. आणि तिथे मात्र न्यायाधीश खरोखरच विचारतात, की या लेकरासाठी हे पुरेसं आहे का, जखम भरली का, कपाळावर व्रण राहणार का, वकिलाची फी वाजवी आहे का. डॉक्टरांचा ताजा अहवाल जोडा. केसमध्ये तिच्यातर्फे तुम्हीच पालक म्हणून उभ्या असाल तर सुनावणीला तुम्ही आणि मुलगी दोघींनी जायचं, न्यायाधीशांनी सूट दिली तर गोष्ट निराळी. मुलीच्या नावावरची एकूण मालमत्ता ५,००० डॉलरच्या आत असेल तर ही रक्कम आई-वडिलांकडे तिच्यासाठी सांभाळायला देता येते. मोठी असती तर कोर्टाने ती बंद खात्यात टाकून तिच्या अठराव्या वर्षापर्यंत ठेवायला लावली असती. तिचे पैसे तिच्यासाठीच वेगळे ठेवा, घरखर्चात मिसळू देऊ नका.

म्हणजे एक मंजुरी कंत्राटदाराला सांभाळते, दुसरी तुमच्या मुलीला. आईला सांभाळणारी मंजुरी यात कुठेच नाही. आणि पत्रातलं ‘मी फोनवर हो म्हटलं’ हे वाचून मी थबकले ती याचसाठी.

ताई, केस आईची आहे. वकिलांची अशील ती, तुम्ही नाही. तडजोडीचा प्रत्येक प्रस्ताव अशिलाला कळवणं आणि घ्यायचा की नाही हे अशिलानेच ठरवणं, हे तिथल्या वकिलांच्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. तुम्ही धावपळ केलीत, रात्री हॉस्पिटलात बसलात, इंग्रजी कागद वाचलेत, त्यामुळे वकील तुम्हालाच फोन करत राहिले, हे समजू शकतं. आपल्याकडे ‘आईला कशाला ताप द्यायचा’ म्हणून आपणच सगळं उरकतो, आणि त्यात मायाच असते. पण मोडलेला खुबा तिचा आहे. सदुसष्ट काय आणि सत्याहत्तर काय, वय झालं म्हणून तिचा होकार आपल्याकडे येत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वकिलांना आजच ई-मेल: आईशी थेट बोलायचं आहे, मराठी दुभाषासह. दुभाषी घरातला नको. तुम्ही कॉलवर बसा, पण भाषांतर तुमच्याकडे नको, कारण पुढे कधी ‘मला हे सांगितलंच नव्हतं’ असा प्रश्न उठला तर तुमचीच अडचण होईल. दुसरं, अटींच्या मसुद्यावर आतापर्यंत कोणी सही केली आहे ते विचारा. २०२१ पासून वकिलाच्या सहीवरही कोर्ट तडजोड अमलात आणू शकतं. तशी सही झाली असेल आणि आईला विचारलंच नसेल, तर हे वकिलांना आताच, लेखी कळायला हवं. थांबलात तर ते निस्तरणं अवघड होतं.

रिलीजचा मसुदा आईसाठी मराठीत करून घ्या आणि कॉलवर ओळ न् ओळ वाचा. दोन ठिकाणी थांबा. पहिलं, सुटका कोणाची होते आहे. तिथे त्या मुलाचं, गाडीच्या मालकाचं आणि त्यांच्या विमा कंपनीचं नाव असावं. ‘आणि इतर सर्व व्यक्ती’ अशी शब्दरचना दिसली तर सही थांबवा. एरवी एकाला सोडल्याने बाकीचे सुटत नाहीत, पण कागदातच तसं लिहिलं असेल तर कंत्राटदार त्याचाच आधार घेईल. दुसरं, तिथल्या नागरी संहितेच्या १५४२ व्या कलमाचा उल्लेख. आज माहीत नसलेलं नुकसान उद्या कळलं तरी मागणार नाही, असा त्याचा त्याग बहुतेक रिलीजमध्ये असतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते का, हे सांगलीतल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून मगच आईने ते मान्य करावं.

माझं मत विचाराल तर, मुलाचं प्रतिज्ञापत्र स्वच्छ असेल, तो कामावर नव्हता हे नक्की असेल आणि त्याची जबानी झालेली असेल, तर ही तडजोड घ्यावी. खरी केस कंत्राटदाराची आहे, शक्ती तिथे लावावी. यातलं एक जरी नसेल तर भावाचं ऐका आणि थांबा, फक्त त्याने दिलेल्या कारणासाठी नाही.

आईला सुनावणीसाठी विमानाने यायची गरज नाही. हा मुद्दा कागदपत्रांवर, प्रतिज्ञापत्रांवर ठरतो. तिचं प्रतिज्ञापत्र लागलंच तर ती सांगलीत बसून सही करू शकते. मात्र त्यात ‘कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यांखाली, खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र राहून’ अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत हवंच. राज्याबाहेर केलेल्या सहीला हे शब्द नसले तर कागद ग्राह्य धरत नाहीत. मूळ मजकूर मराठीत असेल तर भाषांतरकाराचंही प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल.

न्यायाधीशांनी मंजुरी नाकारली तर? गाडीवाल्याची विमा कंपनी बहुधा मंजुरीच्या अटीवरच पैसे देत असेल, मग तडजोड बारगळते आणि मुलगा पुन्हा प्रतिवादी म्हणून उभा राहतो. आकाश कोसळत नाही. मंजुरी मिळाली तर निर्णयाची लेखी नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत कंत्राटदार वरच्या कोर्टात रिटसाठी जाऊ शकतो. तोवर चेक अडून राहिला तर वकिलांवर चिडू नका.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण त्यावरून मला नेहमी पत्रं येतात. क्रॉसिंगचा रंग उडालेला होता, दिवा बंद होता, म्हणून शहराला जबाबदार धरायचं असेल तर मुदत सहा महिन्यांची आहे. खासगी माणसावर केस करायला दोन वर्षं मिळतात म्हणून लोक स्वस्थ बसतात, आणि सरकारी यंत्रणेवरचा दावा तेवढ्यात हातचा जातो.

शेवटी तारीख. कंत्राटदाराच्या हरकतीला उत्तर सुनावणीच्या नऊ कामकाजाच्या दिवस आधी दाखल व्हावं लागतं. तीन आठवड्यांत कामाचे दिवस पंधरा, म्हणजे तुमच्या बाजूला जेमतेम आठवडा आहे. उत्तर मुख्यतः गाडीवाल्याचे वकील देतील, त्यालाच मुलाच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र जोडलं जाईल, आणि त्याची प्रत तुमच्या वकिलांना मिळेल. ती तुम्ही मागून घ्या. आईचा कॉल त्याच्या आधी व्हायला हवा. उन्हाळ्याची वेळ चालू असेल तर तुमच्याकडे संध्याकाळी साडेसात म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ, हिवाळ्यात नऊ. वकिलांना ती वेळ द्या. उशीर झाला म्हणून ते कुरकुरले तरी द्या.